वाचकांचे प्रश्न : विधीतून रंगमंचाकडे

समकालीन नृत्याविषयी या सदरात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील बहुतेकांचा रोख एकाच विषयाकडे आहे. आशियातील उपासना, व्रते आणि विधी यांच्यातून स्फूर्ती घेऊन आजचे नृत्यरचनाकार जे रंगमंचावर उभे करतात, त्याच्याकडे आपण कसे पाहावे, असे वाचक विचारत आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी लहानपणापासून भरतनाट्यम शिकली आणि आता समकालीन नृत्याकडे वळली आहे. तिने मला तैवानमधील एका संस्थेच्या प्रयोगाचे चित्रीकरण दाखवले. त्यात भिक्षूच्या वेशातील एक माणूस हात जोडून उभा आहे, त्याच्या डोक्यावर तांदळाची धार सतत पडत आहे आणि तो अजिबात हलत नाही. याला नृत्य का म्हणायचे? आणि ही पूजा असेल, तर ती तिकीट लावून का दाखवायची?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : आपण पाहिलेली रचना लिन ह्वाई-मिन यांची ‘साँग्ज ऑफ द वाँडरर्स’ असावी. लिन हे आधी कथालेखक म्हणून नावारूपाला आले आणि १९७३ साली त्यांनी तैपेई येथे ‘क्लाउड गेट’ ही नृत्यसंस्था स्थापन केली. बोधगयेच्या यात्रेत ते बोधिवृक्षाखाली बसले होते आणि त्या अनुभवातून १९९४ साली ही रचना आकाराला आली. हर्मन हेसे यांच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीचाही तिच्यामागे आधार आहे. रंगमंचावर सुमारे साडेतीन टन सोनेरी तांदूळ वापरला जातो. कधी तो पायवाट होतो, कधी नदी होतो, तर कधी वरून पावसासारखा कोसळतो. हातात काठ्या घेतलेले यात्रेकरू त्यातून अतिशय संथपणे चालतात, कोसळतात, पुन्हा उठतात आणि या सगळ्या काळात तो भिक्षू एका बाजूला उभाच असतो.

तो काहीच करत नाही, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तासाहून अधिक वेळ डोक्यावर धान्याचा मारा होत असताना मान न झुकवता, खांदे न आवळता आणि श्वास उथळ होऊ न देता उभे राहणे हे देहाचे अत्यंत कठीण काम आहे आणि ते वर्षानुवर्षांच्या तयारीवाचून साधत नाही. दुसरे असे की, त्याच्या उभे राहण्यामुळेच इतरांच्या चालण्याला अर्थ येतो. कर कटेवर ठेवून विटेवर उभ्या असलेल्या दैवताकडे पायी चालत जाणारी माणसे महाराष्ट्राने शतकानुशतके पाहिली आहेत. त्यामुळे उभे असणे आणि चालत राहणे यांतील नाते आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. या रचनेत नृत्य कोठे आहे, असे मला विचाराल, तर ते या दोहोंच्या मधल्या ताणात आहे, असे मी म्हणेन.

ही पूजा मात्र नव्हे. रंगमंचावर मूर्ती नाही, मंत्र नाहीत आणि संगीत तर जॉर्जिया या देशातील लोकगीतांचे आहे. लिन यांनी बौद्ध विधीची नक्कल केलेली नाही. विधीमध्ये काळ ज्या रीतीने वापरला जातो आणि एकच साधी कृती ज्या निष्ठेने पुन्हा पुन्हा केली जाते, ती रीत त्यांनी घेतली आहे. याची खूण पाहायची असेल, तर मुलीला शेवटचा भाग न कापता दाखवायला सांगा. सगळे नर्तक निघून गेल्यावर एक जण लांब दांड्याच्या दाताळ्याने रंगमंचभर पसरलेला तांदूळ ओढत एकात एक वर्तुळे काढत राहतो. हे काम सुमारे वीस मिनिटे चालते आणि त्यात कोणतीही चमत्कृती नाही. पुष्कळ जण चित्रीकरण येथेच बंद करतात. माझ्या मते या रचनेचा गाभा याच भागात आहे, कारण येथे पाहणाऱ्यालाही तेवढाच संयम ठेवावा लागतो.

तिकिटाबद्दल आपला आक्षेप मला पटत नाही. क्लाउड गेटचे नर्तक ध्यान, ताई-चीवर आधारलेल्या श्वसनक्रिया आणि युद्धकला यांचा सराव करतात. बाखच्या चेलोसाठीच्या रचनांवर १९९८ साली रचलेल्या ‘मून वॉटर’मध्ये या सरावाचे फळ फार स्पष्ट दिसते. इतका वेळ देहाला देणाऱ्या माणसांचा चरितार्थ त्या देहाच्या कामावर चालावा, यात कमीपणा नाही. आपल्याकडेही कीर्तनकाराला बिदागी देताना कोणाला संकोच वाटत नाही.

प्रश्न : समकालीन नृत्य हे मुळात पाश्चात्त्यांचे आहे आणि आपले कलावंत योग, ध्यान वगैरे त्यात मिसळून परदेशी रसिकांना आवडेल असे काहीतरी तयार करतात, असे माझे मत झाले आहे. ते चुकीचे आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, सहकारनगर

उत्तर : आपला संशय निराधार नाही. अमेरिकेतील रूथ सेंट डेनिस यांनी भारतात पाऊल ठेवण्यापूर्वीच, १९०६ साली, ‘राधा’ नावाचे नृत्य बसवून गाजवले होते आणि पूर्वेकडील अध्यात्माच्या नावाखाली दागिने, उदबत्त्या आणि मिटलेले डोळे दाखवण्याची ती सवय अजूनही पुरती गेलेली नाही. तरीही आपले मत मी पूर्ण मान्य करू शकत नाही आणि त्याचे कारण चंद्रलेखा हे आहे.

चंद्रलेखा यांचा जन्म १९२८ साली महाराष्ट्रातील वाडा येथे झाला. त्यांनी चेन्नईत एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यमचे शिक्षण घेतले. १९५२ साली त्यांचे अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरील पहिले जाहीर सादरीकरण, झाले, तो कार्यक्रम रायलसीमेतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी होता. यमुनेच्या भरल्या पाण्याचा अभिनय करत असताना दुष्काळात भेगाळलेल्या जमिनीची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे आली आणि आपण काय करत आहोत हा प्रश्न आपल्याला पडला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्यानंतर मधला बराच काळ त्या नृत्यापासून दूर होत्या आणि १९८५ साली ‘अंगिका’ घेऊन परतल्या. या रचनेत देवदेवतांच्या कथा नव्हत्या, जड दागिने नव्हते, नायिकेचे विरहवर्णनही नव्हते. भरतनाट्यमचे अडवू (मूलभूत पदन्यास), योगासने आणि केरळची कलरीपयट्टू ही युद्धविद्या यांच्यात पाठीचा कणा कसा धरला जातो, वजन जमिनीत कसे सोडले जाते आणि श्वास कोठून निघतो, याचा तो कसून घेतलेला शोध होता. ‘यंत्र’ आणि ‘श्री’ या नंतरच्या रचनांत तांत्रिक उपासनेतील आकृती येतात, पण त्या मागच्या पडद्यावर रंगवलेल्या नसतात. नर्तकांची शरीरेच त्रिकोण आणि बिंदू होतात. २००१ सालच्या ‘शरीर’ या अखेरच्या रचनेत गुंदेचा बंधूंच्या ध्रुपदगायनाबरोबर दोन देह इतक्या संथपणे हलतात की, आलापातील एकेक स्वर जणू दिसू लागतो.

यात परदेशी रसिकाची मनधरणी कोठेही नाही. उलट आपल्याच परंपरेला त्यांनी इतके अवघड प्रश्न विचारले की, पुष्कळ भारतीय रसिक अस्वस्थ झाले. चंद्रलेखा यांचे २००६ साली निधन झाले. ज्या महाराष्ट्रात त्या जन्मल्या, तेथे त्यांचे नाव आजही नृत्याच्या वर्तुळाबाहेर फारसे घेतले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : जपानी नर्तक सर्वांगाला पांढरा रंग फासून, मुंडण करून नाचतात. हे आपल्या भस्मधारी साधूंसारखेच बौद्ध किंवा शैव परंपरेतून आले आहे का?
— एक विद्यार्थी, हडपसर

उत्तर : नाही. आपण ज्याचे वर्णन करत आहात तो बुतो हा प्रकार अलीकडचा आहे. तात्सुमी हिजिकाता यांनी १९५९ साली तोक्यो येथे केलेल्या प्रयोगापासून त्याचा आरंभ मानतात. युद्धोत्तर जपानमध्ये पाश्चात्त्य नृत्याचे अनुकरण आणि जुन्या दरबारी कलांची घडीव सुंदरता या दोन्हींना नकार देऊन आजारी, वृद्ध, शेतात वाकलेल्या देहाला त्याने रंगमंचावर जागा दिली. त्याचे दुसरे प्रवर्तक काझुओ ओनो हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि वयाची नव्वदी ओलांडल्यावरही ते नाचत असत. पुढे १९७५ साली उशिओ आमागात्सु यांनी स्थापन केलेल्या ‘सांकाई जुकू’ या संस्थेच्या रचनांमध्ये एखाद्या विधीचा भास अवश्य होतो, परंतु तो विधी त्यांनी स्वतः रचलेला असतो.

प्रश्न : देवापुढे करायची सेवा नाट्यगृहात आणून तिच्यावर टाळ्या घ्यायच्या, हे मला अनुचित वाटते. कलेच्या नावाखाली सर्वच गोष्टी खुल्या कराव्यात का?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : सर्वच गोष्टी खुल्या करू नयेत, या मताशी मी सहमत आहे. प्रश्न एवढाच उरतो की, काय खुले करायचे आणि काय झाकून ठेवायचे, हे कोणी ठरवावे. या बाबतीत बाली बेटावरील लोकांनी जे केले, ते मला फार विचारपूर्वक केलेले वाटते.

पर्यटकांना संध्याकाळी दाखवला जाणारा केचक अनेकांनी पाहिला असेल. गोल बसलेले पुरुष ‘चक-चक’ असा घोष करतात आणि मध्ये रामायणातील प्रसंग घडतो. हा प्राचीन विधी असल्याचा समज सर्वत्र आहे, पण या रूपातील केचक १९३०च्या दशकात घडला. गावावरील संकट दूर व्हावे म्हणून केल्या जाणाऱ्या, अंगात येण्याच्या ‘सांघ्यांग’ या विधीत पुरुषांचा असा घोष असे. वायान लिंबाक हा बाली नर्तक आणि वाल्टर श्पीस हा तेथे राहणारा जर्मन चित्रकार यांच्या प्रयत्नांतून त्या घोषाला रामकथेची जोड मिळाली आणि प्रेक्षकांपुढे करण्याजोगा एक नवा प्रकार तयार झाला. पुढे पर्यटन वाढले, तसा देवळातील कोणता नाच बाहेर न्यावा हा वाद तेथेही पेटला. तेव्हा १९७१ साली देनपासार येथे जाणकारांची परिषद भरली आणि नृत्यांचे तीन वर्ग ठरवण्यात आले : केवळ उपासनेसाठीची ‘वाली’, उत्सवप्रसंगी करायची ‘बेबाली’ आणि रंजनासाठीची ‘बालिह-बालिहान’. बालीतील देवळांना आतले, मधले आणि बाहेरचे अशी अंगणे असतात आणि ही वर्गवारी त्या रचनेला धरूनच आहे. मूळ सांघ्यांग आजही पहिल्या वर्गात मोडतो. त्याच्यातून निघालेला केचक मात्र कोणालाही तिकीट काढून पाहता येतो. युनेस्कोने २०१५ साली आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बालीची नृत्ये घेतली, तीही या तीन वर्गांसह. विधी ज्यांचा होता, त्यांनीच अंगणांच्या सीमा आखल्या, हे मला यात सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्याकडे तसे झाले नाही. ज्याला आज आपण भरतनाट्यम म्हणतो ते सदिर नावाचे नृत्य देवदासी आणि नट्टुवनार, म्हणजे त्यांचे नृत्यगुरू, यांच्या घराण्यांनी जपले होते. त्याच्या सादरीकरणाचा आजचा क्रम तंजावरच्या चार बंधूंनी घडवला आणि त्यांना दुसऱ्या सरफोजीराजांच्या, म्हणजे मराठी राजाच्या, दरबारी आश्रय होता. तेथे मराठीतही नृत्यरचना लिहिल्या गेल्या. आचार्य पार्वतीकुमार यांनी आणि पुढे पुण्यातील सुचेता भिडे-चापेकर यांनी त्यांचा अभ्यास करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक असेलच. विसाव्या शतकात देवदासीप्रथेविरुद्ध कायदे झाले, मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रास इलाख्यात १९४७ साली. मुलींना देवाला वाहण्याची प्रथा बंद होणे आवश्यकच होते. परंतु त्याच काळात, १९३५ साली, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यार येथे रंगमंचावर पाऊल ठेवले, नृत्याला प्रतिष्ठा मिळाली, सुशिक्षित घरांतील मुली शिकू लागल्या आणि ज्या स्त्रियांच्या देहात ती विद्या पिढ्यानपिढ्या राहिली होती, त्यांतील बहुतेकींना मात्र त्या प्रतिष्ठेत वाटा मिळाला नाही. देवदासी घराण्यातील नर्तकी बालसरस्वती यांच्यासारख्या फार थोड्या जणी आपल्या जागी ठाम उभ्या राहिल्या.

म्हणून अनौचित्य कोठे आहे, असे आपण विचाराल, तर टाळ्या आणि तिकीट यांत मला ते दिसत नाही. एखादी नृत्यसंस्था मुरळीचा वेश करून, हळद उधळून जागरणाचा रंगतदार तुकडा सादर करते आणि खंडोबाला वाहिलेल्या त्या मुलींच्या वाट्याला काय आले, याचा विचारही करत नाही, तेव्हा मला ते खुपते.

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी कथक शिकतो. गोंधळ किंवा वारी यांवर आधारित समकालीन रचना करावी, अशी आमची इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी? वेशभूषा आणि संगीत यांविषयीही सुचवावे.
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : वेशभूषेचा विचार सर्वांत शेवटी करा, ही माझी पहिली विनंती आहे. कवड्यांच्या माळा आणि पायघोळ झगा घातला की गोंधळ झाल्यासारखा वाटतो आणि मग शोध थांबतो.

लग्नानंतर कुलाचार म्हणून ज्या घरी गोंधळ घातला जाणार असेल, तेथे यजमानांची आणि गोंधळ्यांची परवानगी घेऊन रात्रभर बसा. फोनवर चित्रीकरण करायचे असल्यास आधी विचारा आणि नाही म्हटले तर फोन पिशवीत ठेवा. तेथे आपल्या लक्षात येईल की, नाच सुरू होण्यापूर्वी जागा तयार केली जाते. वस्त्र अंथरले जाते, त्यावर धान्याचा चौक भरला जातो, कलश बसतो, दिवटी पेटते. मग गावोगावच्या देवतांना नावे घेऊन बोलावले जाते आणि त्या सगळ्या आल्या असे मानल्यावरच पुढे आख्यान लागते. अखेरीस आरती होते. जागा घडवणे, बोलावणे, कथा सांगणे आणि निरोप हा क्रम म्हणजे एक उत्तम नृत्यरचना आहे. एकही देवीगीत न वापरता केवळ या क्रमावर तुम्ही काम करू शकाल. न दिसणाऱ्या पाहुण्यांना देहाने बोलावायचे कसे, एवढा एक प्रश्न घेऊन पुष्कळ दिवस तालीम करता येईल.

संगीताविषयी एक सावधगिरीची सूचना आहे. संबळाची गती ऐकून त्यावर तोडे-तुकडे बसवण्याचा मोह कथकच्या विद्यार्थ्याला होतोच. तो आवरा. गोंधळी सांगण्यासाठी नाचतो. गाताना, साथीदाराला उत्तर देताना, श्वास सावरताना त्याची पावले पडतात. कथकही कथा सांगणाऱ्यांचीच विद्या असल्यामुळे तुमचे खरे नाते या ठिकाणी जुळेल. बोलत बोलत नाचून पाहा, दमून पाहा आणि दम लागल्यावर पाऊल कसे बदलते, ते लिहून ठेवा.

वारी मला अधिक अवघड वाटते. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा भवानी पेठेत किंवा नाना पेठेत पावली खेळणाऱ्या दिंडीजवळ थोडा वेळ उभे राहिले, तर जाणवते की, तेथे प्रत्येक जण खेळतो आहे आणि प्रेक्षक असा कोणी नाही. हीच पावली एका रांगेत, प्रेक्षकांकडे तोंड करून घातली की तिचा प्राण जातो. म्हणून वारीच घ्यायची असेल, तर बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या चौकटीच्या रंगमंचाऐवजी शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंचासारखी लहान जागा पाहा, किंवा एखाद्या मोकळ्या पटांगणात प्रेक्षकांनाही चालायला लावा. माझा कल विचाराल, तर आधी गोंधळ घ्या.

समकालीन नर्तक अस्ताद देबू यांनी मणिपूरच्या पुंग चोलोम वादक-नर्तकांबरोबर दीर्घकाळ काम केले. संकीर्तनातील ती मृदंगविद्या त्यांनी स्वतःच्या अंगावर चढवली नाही. वादकांना त्यांच्याच देहबोलीसह रंगमंचावर आणले आणि स्वतः त्यांच्या शेजारी वेगळ्या गतीने हलत राहिले. तुम्हीही संबळवादकाला ध्वनिमुद्रणापुरते न बोलावता तालमींपासून बरोबर घ्या. त्याची बिदागी नाट्यगृहाच्या भाड्याबरोबरच, म्हणजे पहिल्याच दिवशी, हिशेबात धरा आणि जाहिरातीत व पत्रिकेत त्याचे नाव तुमच्या नावांच्या बरोबरीने छापा. रंगीत तालमीला गोंधळ्यांना आवर्जून बोलवा. अमुक गोष्ट चौकाबाहेर करू नये, असे त्यांनी सांगितले, तर प्रयोग दुसऱ्या दिवशी असला तरी तेवढा भाग काढून टाका.